सावलीत ऊस येत नाही

सरीत बसून कुणीतरी निवांत ऊस खाऊन गेलं होतं. कांडी मोडलेली, साल दातानं सोललेली, आणि चघळून टाकलेला चोथा एकाच जागी ढिगानं पडलेला. यात्रेला जाताना पोरं गाडीत बसून ऊस खातात आणि मागं रस्त्याला चोथ्याची रांग लागते, तसला. हे डुकराचं काम नव्हतं. डुक्कर बुडखा फोडतं, चार ऊस आडवे पाडून एक खातं. इथं खाणाऱ्यानं ऊस पारखून घेतला होता. शेंड्याकडचं वाढं बाजूला टाकलं होतं, बुडाकडच्या गोड कांड्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. मी एक चोथा उचलून बघितला. अजून ओला होता.

“एकिटेरा,” माझ्याबरोबरचा मदतनीस म्हणाला. न्योरो भाषेत चिंपांझी. मग जरा थांबून म्हणाला, “सर, ते टाका हातातलं. त्यांचं आपल्याला लागतं, आपलं त्यांना लागतं.”

मला वाटलं, काहीतरी विटाळाची भानगड असेल. बाधा होते, नजर लागते, तसलं काही. त्याचा अर्थ सरळ सर्दी-खोकल्याचा होता हे कळायला मला पुढं दोन वर्षं लागली.

मी शेतकी खात्यातला माणूस. सरकारच्या नव्हे, साखर कारखान्याच्या. उसाची नोंद घ्यायची, बेणं पुरवायचं, लागणीच्या तारखा लावायच्या, तोडणीचा प्रोग्रॅम करायचा, आणि कुणाचा ऊस आधी तुटला यावरून शिव्या खायच्या. कागल तालुक्यात वाढलो, त्याच भागात नोकरी केली आणि २०१२ साली युगांडाच्या पश्चिमेला, मसिंडी आणि होइमाच्या पट्ट्यात गेलो. २०१९ ला परत आलो. आफ्रिकेत साखर कारखाना दिसला की आत कुणीतरी सांगलीचा नाहीतर कोल्हापूरचा केमिस्ट, इंजिनिअर सापडतोच. माझं जाणं त्यामुळं काही विशेष नव्हतं. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मी जे केलं ते कुठल्याही कारखान्यात असतो तरी केलंच असतं.

आई फोनवर विचारायची, “माकडं हाईत का रं तिकडं?” मी सांगायचो, माकड नव्हे आई, ह्याला शेपूट नसतं. “मग माणूसच की,” असं म्हणून ती ‘जेवलास का’कडं वळायची.

त्या मुलखाचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. उत्तरेला बुडोंगोचं जंगल, दक्षिणेला बुगोमाचं. दोन्ही सरकारी राखीव. मधल्या पट्ट्यात शेतं, वाड्या, मक्याची रानं, आणि चढउताराच्या जमिनीत प्रत्येक दोन टेकड्यांमध्ये एक ओढा. ओढ्याच्या दोन्ही अंगांना झाडांची दाट पट्टी, कुठं शंभर पावलं रुंद, कुठं दहा. ही पट्टी कुणा ना कुणाच्या मालकीची. आणि या पट्ट्यांमधून, माणसांच्या शेतांच्या मधोमध, चिंपांझींच्या टोळ्या राहतात. बुडोंगो आणि बुगोमाच्या मधल्या या उघड्या मुलखात सुमारे तीनशे असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अख्ख्या युगांडात पाचेक हजार. पूर्वी आफ्रिकेत ज्या देशांत चिंपांझी होते त्यातल्या बेनिन, टोगो, बुर्किना फासोमधून ते संपल्यातच जमा आहेत.

तीनशे हा आकडा मला सुरुवातीला लहान वाटला नाही. आमच्याकडं बिबट्या जुन्नरच्या उसात येऊन राहिला, तिथंच पिल्लं घालू लागला, वाढला. मला वाटायचं, ह्यांचंही तसंच होईल, ऊस काय कमी आहे का. पण बिबट्या आणि चिंपांझी यांचा हिशेब वेगळा. चिंपांझीची मादी तेरा-चौदा वर्षांची झाल्याशिवाय वीत नाही. पिल्लू चार-पाच वर्षं आईच्या अंगावर पितं. दोन बाळंतपणांत पाच-सहा वर्षांचं अंतर. म्हणजे एखादी मादी जन्मभरात जेमतेम चार-पाच पिल्लं वाढवणार. त्यातली एक मादी गेली की ती जागा भरून यायला एक पिढी जाते. शिवाय उसात बिबट्याला लपायला मिळतं, खायला कुत्री मिळतात. चिंपांझीला रोज संध्याकाळी झाडावर नवी फांदी वाकवून नवं घरटं करून झोपायचं असतं. उसावर घरटं बांधता येत नाही.

आता एका बाईंकडं येतो. हा लेख खरं तर त्यांच्यापायी लिहितोय.

बुन्योरोत, म्हणजे न्योरो लोकांच्या या मुलखात, प्रत्येक माणसाला नावाशिवाय एक ‘एम्पाको’ असतं. मायेचं, मानाचं नाव. सगळी मिळून बाराच, आणि अख्खा समाज ती वाटून घेतो. भेटलं की आधी एम्पाको विचारायचं, त्या नावानं हाक मारायची, मग काम. न विचारता सरळ कामाचं बोलणं म्हणजे दारात चपला घालून देवघरात जाण्यासारखं. युनेस्कोनं २०१३ मध्ये ही प्रथा तातडीनं जपायच्या वारशांच्या यादीत घातली. मला तिथल्या लोकांनी ‘अराली’ केलं. आणि त्या बाईंचं एम्पाको होतं अब्वोली. मी घाईत म्हणताना ते ‘अबोली’ व्हायचं. आमच्याकडं हे फुलाचं नाव आहे असं सांगितल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की पुढं मुद्दाम तसंच म्हणायला लावायच्या.

अब्वोलींची जमीन चारेक एकर. वर घर, अंगणात फणस, मध्ये मका आणि भुईमूग, खाली उतारावर ओढा. ओढ्याकाठी झाडांची पट्टी. महागनी होता तो त्यांच्या नवऱ्यानं हयात असतानाच विकलेला; उरली होती उंबराच्या जातीची तीन मोठी झाडं आणि बाकी गर्दी. त्यांना सगळ्या रानात ऊस लावायचा होता. दोन मुलं माध्यमिक शाळेत. तिथं वर्षाला तीन टर्म, प्रत्येक टर्मला फी, आणि फी आली नाही की पोराला वर्गातून उठवून घरी पाठवायचं. मी टेप घेऊन रान मोजलं. ओढ्याकडची पट्टी सोडून नोंद केली. त्यांनी विचारलं, ती का नाही धरली?

मी म्हटलं, “सावलीत ऊस येत नाही.”

मदतनीसानं भाषांतर केलं. वाक्य खरंच होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा, तोही हेच सांगेल. उसाला ऊन लागतं, सावलीत तो लांबतो, बारीक राहतो, साखर धरत नाही.

महिन्यानं बेण्याची ट्रॉली घेऊन गेलो तर पट्टी नव्हती. करवतवाले येऊन गेले होते. उंबराच्या लाकडाला फळ्या म्हणून कोण विचारत नाही, त्याचा कोळसा पाडला होता. मातीनं लिंपलेला ढीग अजून धुमसत होता. अब्वोली दारातून खाली आल्या, हात पसरून मला रान दाखवलं आणि हसून म्हणाल्या, “अराली, आता सावली नाही.”

कायद्यानं ओढ्याचा काठ राखायचा असतो. आमच्या नोंदवहीत त्याला रकाना नव्हता. मी पाऊण एकर वाढवून लिहिलं.

उसाचा आणि जंगलाचा तिथला झगडा मला माहीत नव्हता असं नाही. पोचल्या पोचल्या जुन्या भारतीयांनी सांगितलं होतं, की २००७ साली मबिरा या जंगलाचा चौथा हिस्सा, सुमारे ७,१०० हेक्टर, उसासाठी तोडायला द्यायचा सरकारचा विचार होता. राजधानी कंपाला पेटलं. एप्रिलमध्ये मोर्चा निघाला, दंगल झाली, आणि एका भारतीय तरुणाला जमावानं दगडांनी मारलं. त्याचा साखरेशी काही संबंध नव्हता. तो नुसता भारतीय होता. मबिरा वाचलं. आम्हाला ही गोष्ट ‘बाजारात संध्याकाळी एकटं फिरू नका’ या सुरात सांगितली जायची. जंगल हा त्या गोष्टीतला मुद्दा आहे, हे आमच्या जेवणाच्या टेबलावर कधी कुणी बोललं नाही. मीही नाही.

मोर्चा निघतो तो हजारो हेक्टरांसाठी. पाऊण एकरासाठी निघत नाही. आणि त्या मधल्या पट्ट्यात जंगल जायचं ते असंच, पाऊण-पाऊण एकरानं.

ऊस हा त्यातला नंतरचा गडी. आधी तंबाखू होती. हे कळलं तेव्हा मला हसावं का काय कळेना, कारण मी ज्या मातीतला, तिथं एका बाजूला कागलचा ऊस आणि पलीकडं निपाणीची तंबाखू. पण आमची तंबाखू बिडीची. ती रानात उन्हात वाळते. तिथली बरीचशी भट्टीत वाळवायची, म्हणजे सरपण आलं, म्हणजे पुन्हा ओढ्याकाठची झाडं. आणि तंबाखूची पानं वाळवायला टांगायची तर दोरी लागते. त्या दोरीची गोष्ट मी परत आल्यावर, २०२४ मध्ये वाचली.

बुडोंगोच्या जंगलात ओलसर जागी राफिया नावाचा माड असायचा. मेला, कुजायला लागला की त्याच्या बुंध्यातला भुसा चिंपांझी खायचे. अभ्यासकांनी तपासलं तर त्यात सोडियम भरपूर; जंगलातल्या बाकी खाण्यात मीठ नसतंच. मीठ सगळ्यांना लागतं. शेतकऱ्यांना मात्र राफियाची पानं लागायची, फाडून दोरी करायला, तंबाखू बांधायला. पानं ओरबाडून ओरबाडून २००६ ते २०१२ च्या दरम्यान तिथला राफिया संपला. मग चिंपांझींनी मीठ कुठून आणलं? एका पोकळ झाडात वटवाघळं राहायची, तिथं खाली साचलेली त्यांची विष्ठा चिंपांझी येऊन खायला लागले. कॅमेऱ्यात दिसलं: चिंपांझी, कोलोबस माकडं, लहान हरणं, सगळी त्याच झाडाशी. विष्ठा प्रयोगशाळेत तपासली तेव्हा त्यात २७ विषाणू निघाले. त्यातला एक करोनाच्या कुळातला.

तंबाखूच्या पानाला दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वटवाघळाचा विषाणू. कुणा शेतकऱ्यानं हे करायचं म्हणून केलेलं नाही. तो आपली तंबाखू बांधत होता. मी निपाणीच्या बाजारात तंबाखूच्या बोदांवर खेळत मोठा झालोय, मला त्याच्या हाताची हालचाल दिसते.

बुडोंगोत मी एकदाच गेलो, रविवार बघून. सोन्सो म्हणून जागा आहे. तिथं पूर्वी लाकडाची मोठी गिरणी होती, त्या आवारातच आता संशोधन केंद्र आहे. व्हर्नन रेनॉल्ड्स नावाचे इंग्रज अभ्यासक १९६२ मध्ये तिथं पहिल्यांदा चिंपांझींच्या मागं फिरले होते, आणि १९९० मध्ये परत येऊन त्यांनी कायमचं काम सुरू केलं. परत यायचं कारण म्हणजे बुडोंगोतून चिंपांझीची पिल्लं चोरून विकली जातात अशी बातमी त्यांच्या वाचण्यात आली होती. पिल्लू चोरायचं म्हणजे आईला मारल्याशिवाय जमत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. अशी सुटलेली पोरकी पिल्लं व्हिक्टोरिया सरोवरातल्या न्गांबा बेटावर १९९८ पासून सांभाळतात. बायको-मुलगी आल्या होत्या तेव्हा आम्ही ते बेट बघितलं. मुलीला फार आवडलं. मला तिथं अनाथाश्रमात वाटतं तसं वाटत राहिलं.

सोन्सोत आम्हाला आधी तोंडाला मास्क लावायला दिला. हे करोनाच्या कितीतरी आधीचं. शिंक आली तर मागं फिरा, जवळ जाऊ नका, थुंकू नका. तेव्हा मला मदतनीसाचं ‘आपलं त्यांना लागतं’ उमगलं. आपल्याला ज्या विषाणूनं दोन दिवस नाक गळतं, त्याच जातीच्या विषाणूनं २०१३ मध्ये युगांडातल्याच किबालेच्या जंगलात ५६ चिंपांझींच्या टोळीतले पाच मेले. त्यानंतर काही वर्षांनी त्याच जंगलातल्या दुसऱ्या टोळीत माणसाच्याच आणखी एका श्वसनरोगानं पंचवीस. आणि मी चोथा हातात घेऊन वास घेत उभा होतो.

झाडाखाली अर्धा तास बसल्यावर वरून एक नर उतरला. उजवा पंजा नव्हता. मनगटाशी गाठ, पुढं काही नाही. तो डाव्या हातानं आणि दोन पायांनी इतक्या सफाईनं उतरला की आधी माझ्या लक्षातच आलं नाही. वाटाड्या म्हणाला, फासकी.

अर्थात त्यानं इंग्रजी शब्द वापरला, पण मला ‘फासकी’च ऐकू आलं, कारण वस्तू तीच. आजऱ्याच्या, चंदगडच्या जंगलाकडेला रानडुकरासाठी लावतात ती. मोटारसायकलच्या क्लचची वायर, सायकलच्या ब्रेकची वायर, एक सरकती गाठ. आमच्याकडं तिच्यात बिबट्या अडकतो तेव्हा पेपरात फोटो येतो. तिकडं लावतात डुकरासाठी, लहान हरणांसाठी. चिंपांझीसाठी कुणीच लावत नाही. न्योरो लोक माकडवर्गातलं काही खात नाहीत. वानराला हात लावायचा नाही हे जसं आपल्याकडं कुणी शिकवावं लागत नाही, तसंच. तरी सोन्सोच्या टोळीत साधारण पाचातल्या एकाच्या हातापायावर वायरीची खूण होती. चिंपांझी ताकदीचा असतो, झटका देऊन खुंटी उपटतो आणि निघून जातो. वायर मात्र मनगटातच राहते. ओढेल तशी आवळते. पंजा सडतो, गळतो.

यावर उपाय काय केला तर माणसं नेमली. रोज जंगलात चालायचं आणि फासक्या शोधून काढायच्या. आणि नेमली कोण, तर जी पूर्वी फासक्या लावायची तीच. कुठल्या पायवाटेला डुक्कर वळतं, गाठ कुठल्या उंचीवर बांधतात, वर पाला कसा टाकतात, हे दुसऱ्या कुणाला दिसतच नाही. शिकार सोडणाऱ्यांना शेळ्या देण्याचंही काम तिथं झालं, म्हणजे घरात मटणाची सोय राहावी. मला हे फार आवडलं. आमचा कारखाना ऊसचोर पकडायला जुन्या ऊसचोरालाच वॉचमन ठेवायचा, त्याची आठवण झाली.

शेतांत याहून वाईट चीज असायची. लोखंडी जबड्याचा सापळा, दातेरी, बाभळीच्या बुंध्याएवढा पाय धरेल असा. बबून आणि डुकरं उसात, मक्यात येऊ नयेत म्हणून बांधाला पुरून ठेवायचे. होइमाजवळच्या बुलिंडीत चिंपांझी त्यात अडकल्याची नोंद आहे. माझ्या नोंदणीतल्या एका शेतकऱ्याच्या बांधाला मी असा सापळा बघितला. त्याला म्हटलं, हे बेकायदा आहे. तो म्हणाला, “मग नुकसानीचं वजन काटा धरेल का?” काटा आमचाच. त्यावर आलेल्या उसाचे पैसे, खाल्लेल्या उसाचे नाहीत.

अब्वोलींच्या रानात पहिल्या उसाला दीड वर्षं लागलं. उंबर गेल्यापासून चिंपांझी वर सरकले होते. आधी ऊस, मग अंगणातला फणस. तिथं फणसाला ‘फेने’ म्हणतात. झाड मूळचं आपल्या सह्याद्रीतलं. समुद्रमार्गे कधीतरी आफ्रिकेत गेलं आणि युगांडात घरोघर झालं. चिंपांझी तो बघता बघता खायला शिकले. फणस पिकल्याचा वास त्यांना पार ओढ्यापर्यंत जातो. आजोळी, आजऱ्याकडं, पिकल्या फणसाला कोल्हे येतात म्हणून मामा राखण बसायचा. इथं पाच फुटांचा नर अंगणात येऊन मांडीवर फणस घेऊन बसतो आणि घरातली माणसं आतून कडी लावतात.

हे सांगताना गंमत वाटते, पण गंमत नाही. २०१४ च्या जुलैमध्ये आमच्या दक्षिणेला एका गावात चिंपांझीनं तान्ह्याहून थोडं मोठं मूल आईजवळून उचललं. ते वाचलं नाही. त्या गावच्या आसपासचं जंगल अगोदरच्या वर्षांत असंच तुटलेलं होतं. अशा घटना त्या भागात आणखीही झाल्या. शहरात बसून ‘चिंपांझी वाचवा’ म्हणणाऱ्यानं ही एक गोष्ट गिळून मग बोलावं, असं माझं मत आहे. मोठा नर हा गोड प्राणी नसतो.

ती बातमी आल्यावर अब्वोलींनी फणस तोडला. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. “झाड असलं की ते येतात. नातू अंगणात खेळतो.” बुंधा बसायला ठेवला होता, कापलेल्या जागी पिवळाधमक. त्यावर बसून मी चहा प्यालो.

त्याच सुमाराला बुलिंडीचं काम माझ्या कानावर यायला लागलं. मॅट मॅक्लेनन हे अभ्यासक २००६ पासून तिथं, गावातल्या चिंपांझींच्या मागं होते. ही वीस-पंचवीसांची टोळी. ते बघत असतानाच तिथली झाडी बरीचशी तुटली. वर्षामागून वर्षं वहीत लिहायचं, आज हे झाड गेलं, आज ते. २०१५ मध्ये त्यांनी बुलिंडी चिंपांझी अँड कम्युनिटी प्रोजेक्ट सुरू केला. मला वाटलं होतं, आता पाट्या लागतील, शाळेत चित्रकला स्पर्धा होतील. त्यांनी काय केलं, तर शाळेची फी. ज्याच्या मालकीची झाडी उभी आहे आणि जो ती उभी ठेवील, त्याच्या पोरांच्या फीचा भार उचलायचा. शिवाय कॉफीची रोपं, कारण कॉफी चिंपांझी खात नाही. कमी सरपणाच्या चुली. निलगिरीसारखी झटपट वाढणारी झाडं, म्हणजे सरपणाला ओढ्यावर जायला नको. हातपंप, कारण बायका पाणी भरायला ज्या झऱ्यावर जातात तिथंच चिंपांझी येतात, आणि तिथंच घाबराघाबरी होते.

जेन गुडॉल २०२५ च्या १ ऑक्टोबरला गेल्या तेव्हा आमच्या ग्रुपवर फोटो फिरले. पोनीटेल बांधलेली तरुण मुलगी, समोर चिंपांझीचं पिल्लू. १९६० मध्ये त्या टांझानियात गोंबेला गेल्या, चिंपांझी काडी घालून वाळवी काढून खातो हे त्यांनी बघितलं, ते सगळ्यांना माहीत असतं. माझ्या दृष्टीनं त्यांचं मोठं काम नंतरचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विमानातून जाताना त्यांना दिसलं की गोंबेचं जंगल हे उघड्याबोडक्या डोंगरांमधलं एक ठिगळ उरलंय. १९९४ मध्ये त्यांच्या संस्थेनं ‘टेकेअर’ नावाचं काम काढलं, त्यात गावकऱ्यांना आधी विचारलं की तुम्हाला काय हवंय. दवाखाना, पाणी, पोरींचं शिक्षण. झाडांचं बोलणं मागून. हा फोटो फिरवण्यासारखा नाही, म्हणून फिरत नाही.

मी अब्वोलींना बुलिंडीच्या फीबद्दल सांगितलं. जरा उत्साहानंच सांगितलं, जणू मीच द्यायला आलोय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “ती ज्यांची झाडं आहेत त्यांना. माझी तुम्ही नेलीत.”

नेली मी नव्हती. करवतवाला कोण, कोळसा कुणी घेतला, हे सगळं मला सांगता आलं असतं. मदतनीस माझ्याकडं भाषांतरासाठी बघत उभा राहिला. मी काही बोललो नाही, तेव्हा त्यानं आपल्या मनानंच काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मी त्याला नंतरही विचारलं नाही.

त्यांच्या धाकट्यानं शाळा पूर्ण केली, एवढं सांगायला हवं. उसाच्याच पैशातून. आता तिकडं तेल निघालंय. होइमाजवळून टांझानियाच्या किनाऱ्यापर्यंत १,४४३ किलोमीटरची पाइपलाइन टाकायचं काम आहे, रस्ते डांबरी झालेत, आणि ते रस्ते चिंपांझींना ओलांडावे लागतात. त्यामुळं सगळं खापर उसावर फोडणं बरोबर नाही. हे वाक्य मी लिहून दोनदा खोडलं आणि परत लिहिलं.

निघायच्या आधीच्या पावसाळ्यात मी शेवटचा त्या ओढ्याकडं गेलो होतो. अब्वोलींच्या शेजाऱ्याची पट्टी अजून उभी होती, वीस-पंचवीस पावलांची. त्यात एका झाडावर घरटं दिसलं, ताजं, पानं हिरवी. चिंपांझींची मोजणी अशीच करतात. प्राणी दिसत नाही, घरटी मोजायची. मी एक मोजलं. समोर अब्वोलींचा खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, उभा होता, दुसऱ्या खोडव्याचा, बारीक. ओढ्याकडच्या पाऊण एकरात तर पाणी साचून मुळ्या कुजल्या होत्या. तिथं उतारा कधीच आला नाही.

कागलला आमच्या रानाच्या बांधाला एक उंबर आहे. आजोबांच्या आधीचा. थोरल्या भावाची तक्रार जुनीच: त्याच्याखाली पाच गुंठे वाया जातात. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, वाडीला पौर्णिमेला जाणारं आमचं घर, त्यामुळं तोडायचं कुणाच्या तोंडी येत नाही. ‘फांद्या छाटू’ येतं. गेल्या लागणीच्या वेळी टेप धरून भाऊ बांधावर उभा होता, चार माणसं होती. म्हणाला, “तू एवढा शेतकी अधिकारी, आफ्रिका फिरून आलास. तूच सांग ह्यांना. सावलीत ऊस येतो काय?”

मी म्हटलं, पाच गुंठे सोडून सरी पाड. तिथं काय लावायचं ते बघू.

अजून काही लावलेलं नाही. उंबरं पडतात, पाखरं येतात, भाऊ बोलतो.